तलवाडा : माणसांची मोजणी आणि रस्त्याची पोहोच

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या दक्षिण काठाने गेवराई तालुका पसरलेला आहे. या तालुक्याच्या पूर्व भागात, गेवराई आणि माजलगाव या दोन बाजारपेठांच्या दरम्यान, तलवाडा हे गाव असून डोंगरावरील त्वरिता देवीच्या मंदिरामुळे त्याचे नाव मराठवाड्यात परिचित आहे. नवरात्रात देवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी वर्षातून एकदाच येते; पंचक्रोशीतील माणसाला मात्र तलवाड्याची वाट बाराही महिने धरावी लागते, कारण येथे पोलीस ठाणे आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि महसुली मंडळही याच गावाच्या नावाने ओळखले जाते. स्वतःच्या रहिवाशांखेरीज भोवतालच्या लहान गावांच्या गरजाही जेथे भागतात, अशा ठिकाणाला भूगोलाचे अभ्यासक ‘सेवाकेंद्र’ म्हणतात. सेवाकेंद्राची खरी लोकसंख्या केवळ त्याच्या वेशीच्या आत राहणाऱ्यांची नसते, तर त्याच्यावर विसंबून असलेल्या सर्वांची असते. आणि विसंबून असलेला माणूस तेथवर पोहोचू शकतो की नाही, हे रस्ता आणि वाहन ठरवतात. म्हणूनच तलवाड्यासारख्या गावाची लोकसंख्या आणि तेथील दळणवळण हे दोन विषय वेगवेगळे वाचले, तर दोन्ही अर्धवट कळतात.

जनगणनेच्या भाषेत ‘गाव’ म्हणजे महसुली गाव, म्हणजे निश्चित शिवेच्या आत येणारा सगळा भूभाग. त्यात गावठाणातील आळ्या येतात, तशाच शेतात पांगलेल्या वस्त्या आणि शिवारातील तांडेही येतात. गावांची नावे सारखी असू शकत असल्याने (पालघर जिल्ह्यातील विक्रमगड तालुक्यातही एक तलवाडा आहे) प्रत्येक महसुली गावाला जनगणनेत स्वतंत्र संकेतांक दिलेला असतो. नगरपरिषद वा नगरपंचायत नसलेल्या ठिकाणाला शहरी गणण्यासाठी तीन कसोट्या लागतात : लोकसंख्या किमान ५,०००, मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे. शेतीवर चालणारी, पण ठाणे, दवाखाना आणि बाजार असलेली मराठवाड्यातील मोठी गावे यांपैकी दुसऱ्या कसोटीवर अडतात आणि कागदोपत्री खेडीच राहतात. त्यांच्या रस्त्यांवरून मात्र निमशहरी वर्दळ चालते आणि त्या रस्त्यांचा दर्जा खेड्याच्या हिशेबाने ठरतो, ही या वर्गीकरणाची मोठी उणीव आहे.

बीड जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये २१,६१,२५० होती, ती २०११ मध्ये २५,८५,०४९ झाली. त्या वर्षी जिल्ह्यातील दर पाच माणसांपैकी चार ग्रामीण भागात राहत होती आणि घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे २४२ होती. सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, हे प्रमाण राज्यात सर्वांत खाली होते आणि जिल्ह्याच्या लोकसंख्येविषयी बोलताना हा आकडा वगळून पुढे जाता येत नाही. या भागाची लोकसंख्या नेहमी वाढतच गेली, असेही नाही. निजामाच्या राज्यातील तेव्हाच्या बीड जिल्ह्यात १८९१ साली सुमारे ६ लाख ४३ हजार माणसे होती, ती १९०१ मध्ये सुमारे ४ लाख ९२ हजारांवर आली, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ चौथा हिस्सा घटला. १८९९-१९०० चा दुष्काळ हे त्याचे मुख्य कारण होते. जिल्ह्यात तेव्हा लोहमार्ग नव्हता, आणि सिकंदराबाद–मनमाड हा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला तो गोदावरीच्या पलीकडून, जालना आणि परतूरवरून गेला. ज्या प्रदेशात धान्य वेळेवर आणता येत नाही, तेथे दुष्काळात एक तर माणसे मरतात, नाही तर गाव सोडतात.

पलीकडच्या काठावरची ती रेल्वे गेवराई तालुक्याला आजही परकीच आहे. अहिल्यानगर–बीड–परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. त्यावर आष्टीपर्यंत गाडी धावली ती सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीड शहरापर्यंत पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. जिल्ह्याच्या मुख्यालयासाठी ही मोठी घटना होती. तलवाड्याच्या रहिवाशाला मात्र बीड स्थानक गाठण्यासाठी आधी रस्त्यानेच प्रवास करावा लागतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने दळणवळण म्हणजे अजूनही रस्ता आणि रस्त्यावरची गाडी.

महामार्गांच्या बाबतीत गेवराई तालुक्याची स्थिती चांगली आहे. सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा जुना क्रमांक २११ होता आणि आता ५२ आहे, गेवराईवरून छत्रपती संभाजीनगरकडे जातो. कल्याणहून तेलंगणातील निर्मलकडे जाणारा ६१ क्रमांकाचा महामार्ग गढीजवळ त्याला मिळतो आणि पुढे माजलगाव, पाथरी, परभणीची दिशा धरतो. अडचण आहे ती महामार्ग सोडल्यानंतरच्या अंतराची. रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड १९४३ च्या नागपूर आराखड्यापासून चालत आली आहे आणि त्यातील शेवटचे दोन वर्ग प्रामुख्याने जिल्हा परिषदेकडे असतात. निधी वरच्या वर्गांकडे अधिक वळतो आणि डांबराचा थरही वरच्याच वर्गांत जाड असतो, पण शेतातून निघालेल्या माणसाच्या प्रवासाचा पहिला आणि सर्वांत कठीण टप्पा खालच्या वर्गातील रस्त्यावर, किंवा कोणत्याच वर्गात नसलेल्या पाणंद रस्त्यावर असतो.

हा टप्पा कठीण का, याचे उत्तर जमिनीत आहे. गोदाकाठची काळी, चिकण माती पाणी शोषले की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. अशा मातीवर पुरेसा मुरूम आणि खडीचा थर न देता डांबर टाकले, तर पावसाळ्यात खालची जमीन वर उचलली जाते, उन्हाळ्यात खचते, आणि डांबराची कड दोन्ही बाजूंनी तुटत जाऊन रस्ता दर वर्षी अरुंद होतो. रस्त्याकडेची चारी बुजलेली असली, तर पाणी रस्त्याच्या पोटात शिरते. ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून केलेला पूल काडीकचऱ्याने तुंबला, तर पाणी पुलावरून वाहते आणि पलीकडची वस्ती काही तासांसाठी वा दिवसांसाठी तुटते. तालुक्यातून जायकवाडीचा उजवा कालवा माजलगाव जलाशयाकडे जातो. त्याने या भागात ऊस आणला आणि शेती बदलली, पण कालव्यावर आणि त्याच्या चाऱ्यांवर जेथे पूल नाही किंवा आहे तो अरुंद आहे, तेथे शेताची वाट लांबली. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी आणि जायकवाडीतून सोडलेले पाणी एकाच वेळी आले, तेव्हा गोदावरी आणि सिंदफणेच्या काठच्या अनेक गावांचा संपर्क तुटला. ‘बारमाही रस्ता’ या सरकारी संज्ञेचा अर्थ कोणत्याही ऋतूत वाहन जाऊ शकेल असा रस्ता एवढाच आहे, आणि नकाशावर बारमाही म्हणून दाखवलेला रस्ता खरोखर तसा आहे की नाही, हे भादव्यातच कळते.

जगभर ग्रामीण रस्त्यांची पोहोच मोजण्यासाठी जागतिक बँकेने २००६ मध्ये एक निर्देशांक मांडला : बारमाही रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ग्रामीण लोकांचे प्रमाण. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही तो स्वीकारला गेला. दोन किलोमीटर म्हणजे साधारण अर्ध्या तासाची चाल, हा त्यामागचा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. बाळंतपणाला निघालेली बाई, शेणखताची गाडी किंवा बाजाराला न्यायची भाजीची पाटी यांच्यासाठी तेच दोन किलोमीटर फार मोठे ठरतात. शिवाय रस्ता जवळ असणे आणि त्यावरून वाहन मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा निर्देशांक पहिलीच मोजतो. आपल्या जनगणनेची ग्रामसूची या बाबतीत अधिक तपशील देते, कारण तीत बस, रेल्वे, पक्का रस्ता अशी प्रत्येक सोय गावात आहे की नाही आणि नसल्यास पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा किंवा दहाच्या पुढे आहे, हे नोंदलेले असते. तरीही बस दिवसातून एकदा येते की दहादा, हे तीतून समजत नाही.

हा प्रश्न फाट्यावर उभे राहिले की लगेच लक्षात येतो. फाटा म्हणजे मोठ्या रस्त्यावरून गावाकडे वाट फुटते ती जागा; लांब पल्ल्याच्या गाड्या बहुधा येथूनच पुढे निघून जातात आणि आत गावापर्यंत पोहोचवण्याचे काम उरते ते आगाराच्या मोजक्या फेऱ्यांना, जीपला आणि ॲपे रिक्षाला. गेवराई आणि माजलगाव या दोन्ही ठिकाणी एस.टी.ची आगारे आहेत. खेड्याच्या जीवनात एस.टी.च्या दोन फेऱ्यांचे महत्त्व सर्वांत अधिक : एक मुक्कामी गाडी, जी रात्री गावात थांबते आणि पहाटे तालुक्याला निघते, आणि दुसरी शाळा-कॉलेज सुटण्याच्या वेळची. मुक्कामी गाडी बंद झाली की दूध, रुग्ण, परीक्षार्थी आणि न्यायालयाच्या तारखेला निघालेला पक्षकार या सर्वांची सकाळ खासगी वाहनवाल्याच्या हाती जाते, आणि ते वाहन माणसांनी भरल्याखेरीज हलत नाही.

एस.टी.तील सवलतींचा विचारही याच संदर्भात करावा लागतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि सर्व महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो, आणि ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास मिळतो. या निर्णयांनी हजारो बायकांना माहेर, बाजार आणि दवाखाना जवळ आणून दिला, हे निःसंशय खरे आहे. पण सवलत तिकिटावर आहे आणि तिकीट गाडीत आहे. ज्या वस्तीला गाडीच जात नाही, तेथील बाईला जीपचे पूर्ण भाडे मोजावे लागते. म्हणजे सार्वजनिक पैशाने दिलेली सवलत रस्त्यालगतच्या गावाला अधिक आणि आडवळणाच्या वस्तीला कमी मिळते. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाने ग्रामीण भागाला दाखवून दिले की लाल गाडी नसेल तर सर्वांत आधी घरी बसते ती मुलगी. मुलगा मिळेल त्या दुचाकीवर मागे बसून जातो. मुलीची शाळा मात्र भरवशाच्या गाडीवर अवलंबून असते.

आरोग्यसेवेची आखणी तर लोकसंख्येच्या आकड्यावरच उभी आहे. सपाट प्रदेशात दर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि दर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. तलवाड्याचे केंद्र याच साखळीतील असल्याने त्याच्यावर गावाखेरीज भोवतालच्या वाड्यावस्त्यांचाही भार आहे. जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली आणि जीव वाचण्याची शक्यता वाढली. तरीही पावसाळ्यात ती डांबरी रस्त्याच्या शेवटापर्यंतच येऊ शकते आणि तेथवर रुग्णाला खाटेवर किंवा ट्रॅक्टरमधून आणावे लागते, असे अनुभव मराठवाड्यातील शेतवस्त्यांना नवे नाहीत. म्हणून डॉक्टर आणि औषधे यांच्याइतकीच पाणंद रस्त्याची अवस्था हाही आरोग्याचाच प्रश्न मानला पाहिजे. राज्याने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने शेत आणि पाणंद रस्त्यांची योजना आणली ती शेतमालाच्या वाहतुकीसाठी. शेतातच घर करून राहणाऱ्या कुटुंबांसाठी त्याच रस्त्याचा उपयोग त्याहून कितीतरी मोठा आहे.

आता या सगळ्या हिशेबाला मुळापासून हलवणाऱ्या गोष्टीकडे वळले पाहिजे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे आणि दसरा-दिवाळी उरकली की येथून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला या व्यवहारात एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादम त्यांना हंगामाआधी ‘उचल’ देतो आणि ती तोडणीतून फिटेपर्यंत जोडी बांधलेली राहते. गढीला साखर कारखाना असूनही तालुक्यातील अनेक कोयते दूरच्या कारखान्यांना जातात. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत किंवा ट्रकमध्ये धान्याची पोती, भांडी, सरपण, शेळ्या आणि लेकरे भरून ही कुटुंबे शेकडो किलोमीटर जातात, उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभारतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर, परततात. जिल्ह्यातील एक फार मोठी प्रवासी वाहतूक ही आहे, आणि ती माल वाहण्याच्या वाहनांतून, बव्हंशी रात्री, कोणत्याही वेळापत्रकात न बसता होते.

जनगणना नेमकी याच काळात येते. २०११ ची लोकसंख्या गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली आणि १ मार्चच्या मध्यरात्रीचा क्षण हा संदर्भ धरला गेला. २००१ मध्येही गणना फेब्रुवारीतच झाली होती. नियम असा की एखाद्या घरातील माणूस गणनेच्या संपूर्ण काळात बाहेर असेल, तर त्याची नोंद त्या घरी न होता तो जेथे सापडेल तेथे होते. त्यामुळे ऊसतोडीला गेलेले कुटुंब, गणनेतून सुटले नाही तर, सांगली वा कोल्हापूरकडच्या एखाद्या गावाच्या आकड्यात जमा होते आणि स्वतःच्या गावाच्या आकड्यातून वजा होते. घरांची यादी करण्याचे काम मात्र आदल्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान केले जाते, जेव्हा तोडणी संपवून माणसे घरी आलेली असतात. एकाच गावाची घरे एका ऋतूत आणि माणसे दुसऱ्या ऋतूत मोजली जातात. उन्हाळ्यात चूल पेटलेली असताना क्रमांक पडलेल्या घराला गणक फेब्रुवारीत पुन्हा येतो तेव्हा दाराला कुलूप असते, किंवा आत फक्त म्हातारी आणि शाळेसाठी मागे ठेवलेले एखादे नातवंड असते.

याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट भागातील किमान ५०० लोकवस्तीच्या ठिकाणाला बारमाही रस्ता द्यायचा, असा निकष होता आणि त्यासाठी २००१ च्या जनगणनेचा आधार घेतला गेला. ‘न जोडलेली वस्ती’ म्हणजे बारमाही रस्त्यापासून किमान ५०० मीटर दूर असलेली वस्ती, अशी व्याख्याही ठरली. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेच्या चौथ्या टप्प्यात देशभरातील २५,००० वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्त्यांचे उद्दिष्ट असून त्यासाठी २०११ ची लोकसंख्या धरली आहे. समजा, एखाद्या तांड्यावर जूनमध्ये सहाशे माणसे राहतात आणि फेब्रुवारीत साडेतीनशेच उरतात. पावसाळ्यात, म्हणजे रस्त्याची गरज सर्वांत तीव्र असते तेव्हा, तेथे सहाशे माणसे चिखल तुडवत असतात. निकषाला मात्र साडेतीनशेच दिसतात आणि तांडा पाचशेच्या रेषेखाली जातो. ज्यांना पोटासाठी सर्वाधिक फिरावे लागते त्यांच्याच वस्तीचा रस्ता त्यांच्या फिरण्यामुळे हुकावा, ही अन्यायाची गोष्ट आहे. राज्याने २०१५ पासून मुख्यमंत्री ग्रामसडक योजना चालवून बरीच पोकळी भरली, तरी प्राधान्यक्रम ठरवताना लोकसंख्येचा तोच आकडा हाताशी असतो.

शिक्षणाच्या बाबतीत शासनाने या ऋतुचक्राची दखल घेतली आहे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, या नियमाबरोबरच आईवडील तोडणीला गेल्यावर मुले गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात आणि त्यासाठी दर वर्षी स्थलांतरित कुटुंबांतील मुलांची यादी तयार होते. २०२१ पासून ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकांकडे आले, आणि आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत गरोदर बाया व लहान मुले यांची घरनिहाय माहिती असतेच. म्हणजे गावात कोणत्या महिन्यात कोण असते, ही माहिती गावातच आहे. ती शाळा, ग्रामपंचायत आणि आरोग्य उपकेंद्र अशा तीन ठिकाणी विखुरलेली आहे आणि रस्त्याचा प्रस्ताव किंवा बसफेरीची मागणी तयार करताना ती एकत्र मांडली जात नाही.

जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार पुढची जनगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार असून १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन आहे, तर घरांची यादी त्याआधी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात व्हायची आहे. गणना पुन्हा गळीत हंगामातच येत असल्याने २०११ मधील त्रुटी आणखी पुढच्या दशकाच्या रस्त्यांच्या याद्यांत उतरण्याचा धोका आहे. तारीख बदलणे कोणा एका जिल्ह्याच्या हाती नाही. पण ग्रामपंचायतीने तोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची वस्तीनिहाय यादी ग्रामसभेत वाचून कायम केली, जिल्हा परिषदेने वस्तीची लोकसंख्या ठरवताना ती यादी जनगणनेच्या आकड्याशेजारी ठेवली, आणि गेवराई व माजलगाव आगारांनी दिवाळीनंतरच्या व पाडव्याच्या सुमाराच्या फेऱ्या तिच्या आधाराने आखल्या, तर तलवाडा मंडळातील प्रत्येक तांड्यावर जूनमध्ये प्रत्यक्ष किती माणसे राहतात आणि त्यांच्यापैकी किती जणांच्या दारापर्यंत पावसात गाडी जाते, हे तालुक्याच्या बैठकीत आकड्यांनिशी मांडता येईल.